छावणीची जागा

भरलेली घागर घरमालकीण रंगुबाई घेऊन गेल्या, म्हणून मालनला आदळायला रिकामी बादलीच उरली. ती तिनं अशी आदळली, की नगरच्या माळीवाड्यातल्या त्या चाळीत शेजारच्या खोलीतला रेडिओसुद्धा क्षणभर बारीक झाल्यासारखा वाटला. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही करंगळीएवढ्या धारेनं. पहाटेपासून बसून मालननं दोन घागरी भरलेल्या. आणि घरमालकीण दारात येऊन नुसतं ‘गहिनीनाथ, एक घागर देतोस का रे बाबा’ म्हणाली, तर हे महाशय दाढीचा फेस पुसत म्हणाले, ‘न्या की.’ न्या की! जसं काही घरात आडच खणलाय. मालन पदर खोचत उभी राहिली आणि अगदी शांतपणे म्हणाली, ‘तुम्ही आजवर ज्याला नाही म्हणालात, असा एक तरी माणूस दाखवा मला. एक. मग मी परत काही बोलणार नाही.’ गहिनीनाथ हसला. मग आठवायला लागला, आणि दाढी अर्धी राहिली. त्याला एकही माणूस आठवेना.

जीप जामखेडच्या रस्त्याला लागली तरी तो आठवतच होता. मागं बॅटऱ्यांची पेटी, वायरींच्या रिळा, लोखंडी खुंट्यांचं बोचकं आणि पाण्याचा एक कॅन, सगळं एका सुरात खडखडत होतं. बाहत्तर साल सरत आलेलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुष्काळी कामावरच्या बाया खडी फोडत बसलेल्या, आणि त्यांच्यापलीकडं शेतं अशी पडलेली, की बघणाऱ्यानं मान फिरवावी. गहिनीनाथनं मान फिरवली नाही, पण त्याला दिसत मात्र काहीच नव्हतं. शिंप्यानं पँट आखूड शिवली, चालेल म्हणाला. साहेबानं दिवाळीत दौऱ्यावर पाठवलं, जातो म्हणाला. सासऱ्यानं लग्नाच्या बैठकीत भीत भीत सांगितलं होतं, ‘पोरगी जिभेला जरा तिखट हाय,’ तर हा म्हणाला, ‘चालेल की!’ तेवढा एक होकार मात्र त्याच्या पदरात चांगला पडला, हे त्याचं त्यालाही ठाऊक होतं. पण बाकीचे? माणसाला ‘हो’ म्हटलं की त्याचा चेहरा सैल पडतो, खांदे खाली येतात, आणि त्या एका क्षणासाठी आपण चांगले असतो. तो क्षण गहिनीनाथला फार आवडायचा. पुढचं पुढं. आणि आज ज्या कामाला तो निघाला होता, ते काम नेमकं हो की नाही एवढंच सांगायचं होतं.

बोरदरा हे गाव खर्ड्याच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. गावाला विहिरी आठ-दहा, पण पाणी राहिलेलं एकीला. मारुतीच्या देवळामागच्या त्या विहिरीवर सगळं गाव जगत होतं. वर चढावर मोठा उघडा माळ, सरकारी गायरान. त्या माळावर सरकार जनावरांची छावणी काढणार होतं. आसपासच्या वाड्यांची हजारभर गुरं तिथं बांधायची, चारा सरकार देणार, पाणी लांबून टँकरनं येणार. पण शेजारच्या तालुक्यात एका छावणीजवळच्या विहिरीचं पाणी पिऊन माणसं आजारी पडली होती. तेव्हा वरून हुकूम निघाला, की भूजल खात्याच्या माणसानं, म्हणजे गहिनीनाथसारख्यानं, आधी जमीन तपासावी आणि मगच खुंटे रोवावेत. सोमवारी तहसीलदार येणार, त्यांना जागा दाखवायची. जागा नसली तर छावणी दुसऱ्या गावाला, आठ कोसांवर. जीप थांबली तसे सरपंच आप्पासाहेब धोतराचा सोगा सावरत पुढं आले. माणूस धिप्पाड, आवाज त्याहून मोठा, पण डोळ्यांखाली काळं आलेलं. ‘साहेब, आठ कोस आमची गुरं चालायची न्हाईत,’ ते म्हणाले. ‘उठवून उभी करावी लागत्यात सकाळी. शेपटीला धरून. निम्मी वाटंत बसतील, अन् बसलेली खाटकाच्या गाडीत जातील. तवा तुमी काय ते बघा, पर हो म्हना म्हंजी झालं.’ त्यांच्या मागं उभी असलेली माणसं गहिनीनाथच्या तोंडाकडं बघत होती. त्याच्या जिभेवर ‘हो’ आलेलाच होता. तो त्यानं थुंकीबरोबर गिळला आणि म्हणाला, ‘मोजून बघू.’

मोजायची रीत साधी. एका रेषेत चार खुंट्या ठोकायच्या. बाहेरच्या दोघींतून जमिनीत वीज सोडायची, आतल्या दोघींत ती किती उरली ते बघायचं, आणि एका आकड्याला दुसऱ्यानं भागायचं. खुंट्या लांब लांब नेल्या की वीज खोल खोल जाते. कोरडा खडक विजेला अडवतो, चिकणमाती तिला वाट देते, भिजलेला फुटका खडक दोन्हींच्या मधे कुठंतरी. असं करत करत न खणता कळतं, की खाली काय आहे, आणि वरची घाण खालच्या पाण्यापर्यंत पोचायला मधे काही आडकाठी आहे की नाही. आडकाठी म्हणजे माती. दाट, चिकट, ओल धरून बसणारी माती. हातोड्याला गावातला भीमा मिळाला. काटक माणूस, घरी एक बैलजोडी, आणि तिच्याशिवाय दुसरं बोलणं नाही. माळाच्या मुरमात खुंटी चार बोटं जायची आणि खणकन वाजायची. वीज शिरेना, यंत्राची सुई हलेना. मग गहिनीनाथनं कॅनमधलं मिठाचं पाणी खुंटीच्या बुडाशी ओतलं. माणसं एकदम पुढं सरकली. दुष्काळात जमिनीवर पाणी ओतणारा माणूस त्यांनी पहिल्यांदा बघितला असावा. कुणीतरी ‘अरारारा’ म्हटलं. पण सुई टणकन उडाली आणि भीमाचे डोळे चमकले. ‘मिठानं उठली व्हय ती?’ त्यानं विचारलं. ‘हो,’ गहिनीनाथ म्हणाला. त्या एका शब्दानं पुढं काय होणार आहे, ते त्याला तेव्हा कळायचं कारण नव्हतं. दूरच्या खुंट्यांपर्यंत पोचेतो पाणी संपलं, सुई पुन्हा मेल्यासारखी पडली, आणि ते आकडे सकाळी परत घ्यायचे असं ठरवून त्यानं खुंट्या उपटल्या, वायरी गुंडाळल्या.

संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर बसून त्यानं मिळाले तेवढे आकडे आलेखाच्या कागदावर मांडले. कागदावर एक वाकडी रेघ उमटली, आणि ती त्याच्या ओळखीची निघाली. वर बोटभर मुरूम, त्याखाली लगेच भेगाळलेला खडक, आणि त्या भेगांत ओल; मारुतीमागच्या विहिरीला जे पाणी होतं, तेच ते. मधे माती नाही. अगदी काही नाही. त्यानं पेन्सिल खाली ठेवली. कोल्हारच्या अलीकडचा तो मळा त्याच्या डोळ्यांपुढं आला, न बोलावता आला, नेहमी येतो तसा. तो आठ वर्षांचा असेल. आबा, आई, तो आणि धाकटी बायडा. खर्ड्याकडची सगळी मंडळी उसाच्या तोडीला प्रवरेच्या बाजूला जायची, तशी तीही गेली होती. राहायला पाचटाच्या कोप्या, पहाटेचं गार, उसाच्या पात्यांनी कापलेली आईची बोटं. कोप्यांशेजारी मुरमात एक विहीर होती, पाणी असं निर्मळ, की तळातला दगड दिसावा. मुकादम एक दिवस आबांना म्हणाला, ‘कानिफनाथ, गाड्यांचे बैल हिथंच विहिरीच्या कडंला बांधू, पाजायला लांब न्यायला नको.’ आबा म्हणाले, ‘बांधा की.’ आबांच्या तोंडचे ते दोन शब्द गहिनीनाथला अजून त्यांच्या आवाजासकट ऐकू यायचे. बैल बांधले. चाळीस-पन्नास बैल, रात्रंदिवस तिथंच. पाणी निर्मळच दिसायचं. महिन्याभरानं कोप्यांवर हगवण लागली. बायडा चार वर्षांची होती, दोन दिवसांत गेली. आबांनी तिला उसाच्या बांधाला पुरली आणि तिसऱ्या दिवशी कोयता हातात घेतला. कुणी म्हणालं नजर, कुणी म्हणालं वारं. विहिरीचं नाव कुणीच काढलं नाही, कारण पाणी निर्मळ होतं ना!

पुण्याला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना मास्तरांनी फळ्यावर खडक काढला, त्यात उभ्या भेगा काढल्या आणि म्हणाले, ‘मातीतून उतरताना पाणी गाळलं जातं. भेगेतून उतरताना ते नुसतं उतरतं.’ वर्गात सगळे लिहून घेत होते. गहिनीनाथ उठला, बाहेर आला आणि पाण्याच्या नळापाशी जाऊन उभा राहिला, नुसता उभा. मास्तरांनी नंतर विचारलं, तर म्हणाला, पोटात दुखत होतं. खर्ड्याला घरी गेला की आबा त्याच्याकडं कौतुकानं बघत बसतात, म्हणतात, ‘जिमिनीच्या पोटातलं कळतं माझ्या पोराला.’ त्यांना त्यानं काहीही सांगितलं नाही. सांगून काय करायचं? त्या भल्या माणसानं कुणाचं मन मोडलं नाही, एवढाच त्यांचा अपराध. आणि तेच भलेपण आपल्यात जसंच्या तसं उतरलंय, या विचारानं ओट्यावर बसल्या बसल्या गहिनीनाथनं आलेखाचा कागद पालथा घातला. मालन बादली आदळून जे म्हणाली, ते तिला वाटलं त्यापेक्षा किती खोल गेलं होतं! तो स्वतःशीच म्हणाला, उद्या उरलेले आकडे कदाचित वेगळे येतील. येतीलही. काय सांगावं!

सकाळी माळावर पोचला तर तिथं जत्रा. सात-आठ गाई, दोन म्हशी आणि कुणाची तरी शेरडं ओळीनं उभी, आणि सगळी माना खाली घालून जमीन चाटतायत. आदल्या दिवशीच्या खुंट्यांच्या भोकांपाशी प्रत्येकी एक, शाळेत पाटावर मुलं बसवावीत तशी. भीमा एका गाईची शिंगं धरून तिला मागं रेटत होता आणि ती ढिम्म हलत नव्हती. गहिनीनाथनं वाकून बोटाला माती लावली, जिभेवर ठेवली. खारट. प्रत्येक भोकात ओल्या शेणात कालवलेलं खडेमीठ ठासून भरलेलं होतं. भीमानं त्याच्याकडं बघितलं आणि मग आभाळाकडं बघत उभा राहिला, जसं काही ती गाय, ती भोकं आणि तो स्वतः यांचा एकमेकांशी काही संबंधच नव्हता. गहिनीनाथला हसू आलं. पण ते लगेच ओसरलं, कारण ते मीठ बैलांच्या तोंडचं काढून आणलेलं असणार, आणि शेण कालवायला लागलेलं पाणी घरच्या पिण्याचं. ‘ठोक,’ तो म्हणाला. भीमानं ठोकल्या. बटण दाबलं, आणि काल मेलेली सुई अशी झेपावली, की माणसं ओरडली, ‘उठली, उठली!’ गहिनीनाथचं काळीजही तिच्याबरोबर उठलं. क्षणभर त्याला खरंच वाटलं, की जमत आहे. त्यानं दुसरा आकडा घेतला. तोही तितक्याच पटीनं उठला होता. वीज जास्त शिरली, म्हणून जास्त मिळाली, बस्स. भागाकार कालच्या रेघेवरच जाऊन बसला. मिठानं खुंटीचं तोंड उघडलं होतं, जमिनीचं मन काही बदललं नव्हतं.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, की त्याला मोह झाला. चांगलाच झाला. चिकणमाती असली की आकडा लहान येतो, आणि लहान आकडा लिहायला कितीसा वेळ लागतो! नगरच्या कचेरीत कोण बघणार होतं? छावणी उघडली असती, गुरं जगली असती, आप्पासाहेबांनी पाठीवर थाप मारली असती. आणि विहीर? ती लगेच थोडीच नासणार होती. महिना लागला असता, दोन महिने लागले असते, तोवर कदाचित... कदाचित काय? तो वायरीची रीळ हातात धरून उभा राहिला आणि त्याला वाटलं, आबांनाही असंच काहीतरी वाटलं असेल का? नाही. आबांना काही माहीत नव्हतं. आबा सुटले. माहीत असून ‘हो’ म्हणणारा पहिला माणूस आपल्या घरात आपणच असू. त्यानं रीळ भीमाच्या खांद्यावर दिली आणि म्हणाला, ‘चल, ओढ्यापलीकडं जाऊ.’ ‘तिकडं काय हाय? तिकडं झुंबरबाईची काळी हाय,’ भीमा म्हणाला. ‘असू दे की, बघू तरी.’

ओढ्यापलीकडची ती काळी जमीन गावाच्या विहिरीच्या उताराला खाली होती, म्हणजे तिथलं पाणी विहिरीकडं फिरायचं नाही, ही एक गोष्ट चांगली. रान पिकाविना पडलेलं, हात जाईल एवढाल्या भेगा पडलेल्या. पण खुंट्या लोण्यात गेल्यासारख्या गेल्या आणि आकडा पहिल्यापासून लहान आला. खुंट्या लांबवल्या, तरी लहानच. तो लांबवत गेला आणि आकडा खाली राहतच गेला. पण गहिनीनाथ हुरळला नाही. लहान आकडा खाऱ्या पाण्याचाही असतो, तेव्हा नुसत्या सुईवर भिस्त ठेवून चालणार नव्हतं. तेवढ्यात भीमानं बांधाशी एक खड्डा दाखवला. अर्धवट खणलेली जुनी विहीर, चार पुरुष खोल. वरून खालपर्यंत काळी आणि मग पिवळी चिकणमाती, एकसारखी, आणि तळाला एवढ्या दुष्काळातही ओलसर गारवा. पाणी म्हणून नाहीच. ‘झुंबरबाईच्या सासऱ्यानं खणली,’ भीमा म्हणाला. ‘पानी लागलंच न्हाई. गाव लई हसलं म्हाताऱ्याला.’ गहिनीनाथ काठावर उकिडवा बसला आणि त्या फसलेल्या विहिरीकडं बघत राहिला. आयुष्यात इतकी देखणी विहीर आपण बघितली नाही, असं त्याला त्या वेळी अगदी मनापासून वाटलं.

दुपारी चावडीपुढं गाव जमलं. पुरुष ओट्यावर, बाया देवळाच्या पायऱ्यांवर. आप्पासाहेब म्हणाले, ‘हं साहेब, बोला. माळावर छावणी चालंल नव्हं?’

‘नाही,’ गहिनीनाथ म्हणाला. पण आवाज इतका बारीक निघाला, की मागच्यांना पोचलाच नाही. ‘काय म्हनलं, काय म्हनलं?’ अशी कुजबूज झाली. म्हणजे बघा, जन्मात एकदा नाही म्हणायची वेळ आली, तीही दोनदा म्हणायची! तो उठून उभा राहिला. ‘माळावर छावणी नको. तिथं गुरं बांधली तर त्यांची घाण तुमच्या विहिरीत उतरेल. पाणी निर्मळ दिसेल आणि पोरं आजारी पडतील. मी ती जागा द्या म्हणणार नाही.’

गलका उठला. ‘अहो, माळ म्हंजी पक्का खडक!’ आप्पासाहेब गरजले. ‘पहार मारली तर ठिणगी निघती. त्याच्यातनं काय झिरपतंय? तुमचं यंत्र खोटं.’

‘मग पावसाळ्यात माळावरचं पाणी कुठं जातं, आप्पासाहेब?’

‘ऱ्हातंय कुठं तिथं? घटकंत कोरडं!’

‘अन् दुसऱ्या-तिसऱ्या दिशी मारुतीमागची हीर चढती,’ ओट्यावर बसलेला बन्सी नावाचा म्हातारा सवयीनं बोलून गेला. बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं आणि त्यानं तोंडावर हात ठेवला. तेवढ्यात भीमा पुढं आला, टोपी हातात. ‘साहेब, म्या रातच्याला भोकांत मीठ घातलं हुतं. त्यानं बिघडलं असंल. मला काय दंड करायचा तो करा, पर माळ पुन्हा मोजा. माझी जोडी आठ कोस चालायची न्हाई वो.’ त्याचा आवाज फुटला. गहिनीनाथनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ‘भीमा, तुझ्या मिठानं काही बिघडलं नाही. उलट सुई नीट उठली, मला आकडे चांगले मिळाले. जमीन तशीच आहे, त्याला तू काय करणार आणि मी काय करणार!’

‘मग गुरं मारायची का आमी?’ आप्पासाहेबांनी विचारलं. आता त्यांचा आवाज मोठा नव्हता.

‘ओढ्यापलीकडची काळी. तिथं चालेल असं मला वाटतं.’

सगळ्या माना देवळाच्या पायऱ्यांकडं वळल्या. झुंबरबाई तिथं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. साठीची, विधवा, एकटीनं रान राखलेली बाई. ‘न्हाई,’ ती म्हणाली. इतकं सरळ, इतकं सोपं, की गहिनीनाथला तिचा हेवाच वाटला. ‘सरकारचा पाय एकदा रानात पडला की तो निघत न्हाई. अन् ह्याच गावानं माझ्या सासऱ्याला हसून हसून बेजार केलं. आता त्याच रानात समद्यांचं शेन?’

‘मावशी,’ गहिनीनाथ तिच्यापुढं जाऊन बसला, ‘तुमच्या सासऱ्यांनी चार पुरुष माती काढली आणि खालून पाणी वर आलं नाही. कारण ती माती पाणी सोडत नाही. जी खालचं वर येऊ देत नाही, ती वरचं खाली कशी जाऊ देईल? गावाची विहीर त्या मातीनं वाचेल. दुसरं काही नाही माझ्याकडं सांगायला.’

‘अन् भेगा? हात जातोय भेगंत. समदं गुमान खाली जाईल की.’

ही गोष्ट त्यानं आलेखावर धरलेलीच नव्हती. ‘खरं आहे,’ तो म्हणाला. ‘भेगा तशाच ठेवल्या तर उपयोग नाही.’

‘कुळव मारला की मुजतील,’ आप्पासाहेब ओट्यावरनं म्हणाले. म्हणाले आणि धोतराचा सोगा सावरू लागले, जसं काही ते त्यांना म्हणायचंच नव्हतं.

झुंबरबाईनं गहिनीनाथकडं डोळे बारीक करून बघितलं. ‘खात्री हाय का तुझी? आईची आन घेऊन सांग.’

इथं कुठलाही शहाणा माणूस ‘आहे’ म्हणाला असता. गहिनीनाथ म्हणाला, ‘पुरती नाही. माळावर नको, याची पुरती खात्री आहे. काळीची चांगली आशा आहे. तो जुना खड्डा मातीनं चोपून बुजवा, त्याच्या आसपास गुरं बांधू नका, आणि विहिरीचं पाणी दर पंधरवड्याला बाटलीत भरून एस.टी.नं नगरला धाडा. काही वेगळं दिसलं तर मी त्याच दिवशी छावणी हलवायला सांगेन.’

पायरीवरची एक कोंबडी झुंबरबाईच्या पायाशी घुटमळत होती, तिला तिनं हातानं हाकललं. मग आप्पासाहेबांकडं वळून ती म्हणाली, ‘ठेकेदाराला शेनाची एक पाटी उचलू द्यायची न्हाई. खत समदं माझ्या रानात. अन् रान परत द्यायचं हे आत्ता, हिथं, मारुतीपुढं उभं ऱ्हाऊन समद्यांनी कबूल करायचं.’ आप्पासाहेब उठले, पागोटं काढून काखेत घातलं आणि मारुतीपुढं जाऊन उभे राहिले. मग एकेक करत ओटा रिकामा झाला.

त्याच दिवशी, ऊन उतरायच्या आत, काळीत कुळव शिरले. बैलांत दम नव्हता, तर माणसांनी बैलांच्या जोडीनं दोर ओढले. आप्पासाहेब स्वतः एका कुळवावर उभे होते आणि ‘दाबून, दाबून’ म्हणून ओरडत होते. भेगा मातीनं भरत होत्या आणि मागं सपाट काळं रान उरत होतं. भीमा खड्ड्यात उतरून धुम्मसानं माती चोपत होता, आणि वरून बन्सी म्हातारा त्याला टोमणे मारत होता, की ह्यात पण मीठ घालतो का रे? भीमानं खालून शिवी हासडली आणि सगळे हसले. या गावात आल्यापासून असं हसू गहिनीनाथनं ऐकलं नव्हतं. तो बांधावर वायरी गुंडाळत बसला होता. पाणी वाचेल का, गुरं जगतील का, हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यालाही नाही. तरी त्याच्या छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं होतं. आबांना या खेपेला भेटू, त्याला वाटलं. त्या मळ्यातल्या विहिरीबद्दल नाही सांगायचं, कधीच नाही. या रानाबद्दल सांगू.

झुंबरबाई बांधाशी आली, कमरेवर हात ठेवून आपल्या रानाकडं बघत उभी राहिली. ‘हजार गुरांचं खत पडंल,’ ती म्हणाली. ‘वरनं पाऊस पडला चांगला, तर पुढल्या साली ह्यात अशी ज्वारी येईल, की मानूस दिसायचं न्हाई आत गेलेलं. हुरड्याला येशील नव्हं?’

त्याचं तोंड ‘हो’ म्हणायला उघडलंच होतं. मग तो थांबला. बदलीचं वारं कचेरीत उन्हाळ्यापासून होतं. पुढल्या साली आपण नगरात असू की नसू, त्यानं खरोखर विचार केला. ‘नक्की नाही सांगता येत, मावशी,’ तो म्हणाला.

झुंबरबाई त्याच्याकडं बघून हसली, पदर डोक्यावर सारखा केला. ‘उगं हो म्हनला न्हाईस, मग येशील तू,’ ती म्हणाली, आणि कुळवांकडं चालू लागली.